सोमवारी तुम्ही कुठे जायचात?

अहो, गोल्फ क्लबातलं तुमचं कपाट रिकामं करून आले.

फार काही नव्हतंच. छत्री, कंगवा, डब्यातला जादा चमचा आणि ते जुने कॅनव्हासचे बूट. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या पेडणेकरांनी सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. ते सुतळीने पुडकं बांधत असताना मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "भाऊ, आता सोमवारी तुम्हाला एकट्यानेच खेळावं लागणार."

पेडणेकर सुतळीची गाठ तशीच बोटांत धरून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "वहिनी, सोमवार बंद झाले ना. गेल्या दिवाळीपासून. नवी कमिटी आली, ते म्हणाले सोमवारी गवताची कामं असतात, स्टाफने मैदानावर यायचं नाही. स्टाफची मॅचही रद्द. सावंत बोलला नाही घरी?"

"बोलले होते," मी म्हटलं. "माझ्याच लक्षात नाही राहिलं."

बघा. तुम्ही नाही आणि मी अजून तुमची बाजू सावरतेय.

गेल्या दिवाळीपासून. म्हणजे वर्ष होत आलं. आणि या वर्षात एक सोमवार असा गेला नाही की तुम्ही पहाटे उठला नाहीत. आंघोळ करायची, देवाला हात जोडायचे, काठी जुन्या चादरीत गुंडाळायची आणि जिना उतरायचा. सोमवारी मेंबरांना क्लब बंद, तेव्हा सकाळी कारकून-शिपायांनी तास-दोन तास खेळून घ्यायचं आणि मग कामाला लागायचं, ही तिथली जुनी पद्धत. मला तेवढंच ठाऊक. संध्याकाळी मी विचारायची, "कसा झाला खेळ?" तुम्ही चपला काढता काढता म्हणायचात, "चेंडू उजवीकडेच पळतोय अजून." वर्षभर हेच उत्तर. आवाजात फरक नाही. मी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे आवाज ऐकले, खोटं बोलणारा माणूस मला हॅलोवरून कळतो. तुमचं मात्र कळलं नाही.

ती काठी घरात आली तो दिवस मला आठवतो, कारण त्याच्या थोडंच आधी मुलासाठीचे आपले दवाखाने संपले होते. घाटकोपरच्या डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, आता स्वतःला त्रास देऊ नका. परत येताना आपण स्टेशनबाहेर उसाचा रस प्यायलो. तुम्ही म्हणालात, "चला, घरातला औषधांचा वास तरी जाईल." त्यानंतर बरेच दिवस आपण एकमेकांशी फक्त भाजी, पाणी आणि दूधवाला याविषयीच बोलत होतो. आणि मग एका संध्याकाळी तुम्ही कुठल्याशा मेंबरने टाकून दिलेली लोखंडी काठी घेऊन दारात उभे. मुठीवरचं रबर झिजलेलं, त्यावर तुम्ही सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळली होती.

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर कोलंबी सोलत होत्या. "ह्या काय? सोरोप मारूची दांडी?" त्यांना ती साप मारायचीच वाटली.

"आये, ह्येका क्लब म्हणतत."

"क्लबात तू कामाक जातंस. ह्यो दुसरो क्लब खयसून इलो?"

कितीतरी दिवसांनी त्या घरात कोणी हसलं ते तेव्हा.

आपली मुलुंडची ती एक खोली आणि स्वयंपाकघर. पलंग भिंतीला सरकवायचा, खुर्च्या गॅलरीत ठेवायच्या, दारावर चादर टांगायची आणि काथ्याच्या पायपुसण्यावर भोकांचा प्लास्टिकचा चेंडू. पहिल्याच संध्याकाळी ट्यूबलाइट फुटली. मग पंखा उतरवला. सबंध उन्हाळा आई वर्तमानपत्राने वारा घेत बसल्या, पण पंखा परत लावा असं म्हणाल्या नाहीत. खालच्या मजल्यावरचे शहाकाका एकदा वर आले, "सावंतभाई, रोज काय कांडता?" तुम्ही त्यांच्या हातात काठी दिलीत. त्यांनी एकदा फिरवली, कंबर धरली आणि परत कधी तक्रार केली नाही.

तुमचा चेंडू सरळ जायचा नाही. निघायचा सरळ, आणि मग कोणी हाक मारल्यासारखा उजवीकडे वळायचा. तुमचं म्हणणं, घाई होते, आणि मारायच्या आधीच डोकं वर येतं. क्लबात शिकवणारे मास्तर शिकणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहतात, ते तुम्ही खिडकीतून पाहिलं होतं. म्हणून एक दिवस मला हाक मारलीत.

"कुंदा, इथे समोर ये. हात लांब कर. माझ्या डोक्यावर ठेव. वर आलं की दाब."

"आणि काठी मला लागली म्हणजे?"

"लागणार नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तू हलली नाहीस तर लागणार नाही. डोकं माझं, पण न हलायचं दोघांनी."

पहिले काही दिवस मी डोळे मिटून घ्यायची. काठी माझ्या पोटापासून वीतभर अंतरावरून सूंकन जायची. मग सवय झाली. मग डोळे उघडे ठेवू लागले. मग तर मला नुसत्या आवाजावरून कळायला लागलं. नीट फिरली तर कापड फाडल्यासारखा एक लांब आवाज, आणि बिघडली तर मध्येच अडखळल्यासारखा. "खांदा आधी आला," मी म्हणायची. तुम्ही चिडायचात. "तुला काय कळतं?" आणि पुढच्या वेळी खांदा मागे ठेवायचात.

आईंना ते बघवायचं नाही. "गे, घोवाच्या डोक्यार हात ठेवतंस? तू काय तेची आवस?"

"आये, डोक्या हलाक नको म्हणान धरता ती."

"लगीन झाल्यापासना धरून ठेवल्यानच हा," आई म्हणायच्या आणि तोंड फिरवून हसायच्या.

तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. त्या तेवढ्या वेळाची मी दिवसभर वाट बघायची. कानाला हेडफोन लावून परक्या लोकांचे ट्रंक कॉल जोडताना मध्येच तळहाताला खोबरेलाचा वास यायचा. तुमचे केस विरळ होत चाललेत हे तुमच्याआधी माझ्या हाताला कळलं. ताप असला तर तुम्ही बोलायच्या आधी कळायचं. बायका नवऱ्याला मिठी मारतात, आपल्या पिढीत आणि आपल्या एका खोलीत, सासू समोर असताना, ते कुठलं जमायला? मला आपलं हे मिळालं होतं.

पण सगळं गोड होतं असं आज लिहिणार नाही. तुम्ही गेलात म्हणून तुम्हाला माफी नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या लीलाने आश्रमातून मुलगी आणली, तेव्हापासून मी तुमच्यामागे लागले होते. आणि मी तो विषय काढला की तुम्ही पायपुसणं पसरायचात.

"अहो, लीलाची मुलगी बालवाडीत जायला लागली."

"हं. जरा डोकं धर."

"मी काय बोलतेय?"

"ऐकतोय ना. धर आधी, मग बोल."

आणि एकदा हात ठेवला की मला बोलता यायचं नाही. इतक्या जवळ उभं राहून भांडता येत नाही, हे तुम्हाला बरोबर ठाऊक होतं. शेवटी एकदा मी हात मागे बांधून उभी राहिले आणि म्हटलं, आधी उत्तर द्या. तुम्ही काठी भिंतीला टेकवलीत आणि म्हणालात, "कुंदा, मला भीती वाटते. मला नाही जमलं तर ते पोर कुठे जाईल?" मी म्हटलं, "न जमायला काय झालंय?" तुम्ही म्हणालात, "बघू." त्या "बघू"वर वर्षं गेली. लीलाची मुलगी आता फ्रॉक सोडून पंजाबी ड्रेस घालते. तुमचं "बघू" मात्र अजून या घरातच पडून आहे.

दर डिसेंबरात स्टाफची मॅच असायची. त्या दिवशी घरच्यांनाही न्यायची परवानगी. मी दरवर्षी विचारायची आणि तुम्ही दरवर्षी म्हणायचात, "एक तरी चेंडू सरळ जाऊ दे, मग नेतो. चार लोकांत हसं नको." गेल्या वर्षी नवरात्रात मात्र आपणहून बोललात. "या डिसेंबरात येच तू. ती अबोली साडी नेस. आणि गवतात चप्पल काढून चाल, बघ पायाला कसं लागतं." मी साडीला फॉल लावून घेतला. मग दिवाळी झाली. डिसेंबर आला. तुम्ही म्हणालात, मॅच पुढे ढकलली, कोणी मोठा मेंबर वारला. मी साडी परत ट्रंकेत ठेवली.

आता आठवतं, त्या दिवाळीनंतरच तुमचा सराव वाढला. पूर्वी एखादी संध्याकाळ चुकायची. नंतर एकही चुकली नाही. मला वाटायचं, पुढच्या डिसेंबरची तयारी.

त्या गुरुवारी तुम्ही ऑफिसात टेबलावरच मान टाकलीत. त्याबद्दल मी लिहीत नाही. लोकांनी तेच तेच इतक्या वेळा विचारलं की मला ते आता दुसऱ्या कोणाचं झाल्यासारखं वाटतं.

दहाव्याला दिनकरभाऊजी सगळ्यांसमोर बोलले. धाकटा भाऊ, त्यांचंही काळीज जळत होतं, मला कळतं. पण बोलले. "वहिनी, पन्नाशीचा माणूस रोज घाम गळेपर्यंत ती काठी फिरवत होता. तुम्ही थांबवायला नको? त्या काठीनेच दादाचा घात केला."

मी काही म्हणणार, तेवढ्यात कोपऱ्यातून आईंचा आवाज आला. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "दिनकर, काठयेक नावा ठेव नको. तेका तेवढाच एक होता."

तुमची आई माझ्या बाजूने बोलली आणि ते ऐकायला तुम्ही नव्हतात.

तर त्या दिवशी क्लबात पेडणेकरांनी मला मागच्या व्हरांड्यात नेलं. "वहिनी, एवढ्या लांब आलात, बघून तरी जा." मी पहिल्यांदा बघितलं. अहो, केवढं हिरवं! आपल्या मुंबईत एवढी जागा कोणाला नुसती चालायला आहे, हे मला तुम्ही इतकी वर्षं सांगूनही कळलं नव्हतं. लांब एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ उभे होते. त्यांनी काठी मागे नेली. आणि माझा उजवा हात आपोआप वर उचलला गेला. पेडणेकरांनी पाहिलं. ते दुसरीकडे बघू लागले. "खाली उतरा ना, कोणी काही बोलणार नाही," म्हणाले. मी नाही उतरले. त्या गवतावर पाय ठेवायचा तर तुमच्याबरोबर ठेवायचा होता. नाहीतर नाही.

निघताना पेडणेकर एवढंच म्हणाले, "सोमवारी काठी घेऊनच यायचा तो ऑफिसात. मी चेष्टा करायचो, आता हिचं काय काम? म्हणायचा, हवा खायला आणली."

मग सोमवारी सकाळी तुम्ही असायचात कुठे? बसमध्ये मी हाच विचार करत होते. खरं सांगते, मनात नाही नाही ते येऊन गेलं. तुमच्यावर संशय घ्यायची ही काय वेळ? पण येऊन गेलं.

उत्तर दिलं ते हिराबाईने. आपल्या दारावर मासे घेऊन येणारी, कोळीवाड्यातली. घरात अजून मासे शिजत नाहीत हे तिला माहीत, तरी पाटी खाली ठेवून बसली. डोळे पुसत म्हणाली, "सोमवारचं मालक येयाचं ना मिठागराचे बांधाव. आमी सकाली जाताना दिसाचं. काठीन चेंडू मारायचं, नी चेंडू जायाचा पान्यान. पयलं आमी हसलू. मंग सवय झाली."

"सरळ जायचा का गं चेंडू?"

"माना काय ठावं, बाय? पानी सगलीकरं."

"आणि मग?"

"मंग बसाचं. खूप येल बसाचं. येक दिस मी इचारलं, मालक, घरा नाय जायाचं? हसलं नुसतं."

सोमवारी मी गेले. पूर्वेला रस्ता संपतो, हायवे ओलांडला की मिठागरं. बांधावरून चालताना चपला मातीत रुतत होत्या. मिठाचे ढीग, त्यांच्यावर वाळकं गवत, खाडीचा तो कुजका वास, आणि मागे ट्रकांचा आवाज. एक बगळा माझ्याकडे पाठ करून उभा होता. बसण्यासारखी एकच जागा होती, एक मोडका दगडी उंबरा, खाडीचं पाणी आत घ्यायच्या जुन्या दरवाजाचा असावा. तिथेच बसत असणार तुम्ही. मी बसले.

रडू नाही आलं. राग आला. एवढा राग मला तुमच्यावर तुम्ही जिवंत असताना कधी आला नव्हता. म्हटलं, नवऱ्याला नोकरीच्या ठिकाणी कोणी खेळायला बंदी केली, यात लपवण्यासारखं काय आहे? मी काय हसणार होते? चार शिव्या त्या कमिटीला मीही घातल्या असत्या. आपण दोघं इथे आलो असतो, मी डबा आणला असता. आणि रोज संध्याकाळी, जी मॅच होणारच नाही तिच्यासाठी, मला समोर उभं करून "डोकं धर" म्हणताना तुम्हाला काय वाटत होतं? मी "खांदा आधी आला" म्हणायची तेव्हा मनात काय म्हणायचात? तुम्ही मला एवढी वर्षं जवळ उभी केलीत, आणि आत येऊ दिलं नाहीत.

ऊन चढल्यावर घरी आले. आई वाती वळत होत्या. "खय गेल्लंस?"

मी सांगितलं. मिठागर, हिराबाई, बंद झालेले सोमवार, सगळं. त्यांचे हात थांबले नाहीत. वात वळून झाली, बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "माका ठावक होता."

मी जमिनीवरच बसले.

"तेणाच सांगल्यान. दिवाळीच्या फुडच्या सोमवारी. रडलो माझ्याकडे."

"मला का नाही सांगितलं, आई? मी कोणी नव्हते का?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना आता नीट दिसत नाही, पण बघितलं. "तुका सांगल्यान तर तू डोक्यारचो हात काढशीत, म्हणान भियालो तो. खेळच नाय, मगे सराव कित्या, म्हणशीत. माका म्हणालो, आये, तेवढाच आसा माका दिवसातला."

अहो.

म्हणजे तुम्हालाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती वाट बघणारी मी एकटीच. तुम्हाला चेंडू सरळ करायचाय, मला तेवढ्यापुरता तुमच्याजवळ उभं राहायचा परवाना आहे. आणि तुम्हीही तेच चोरत होतात. एका खोलीत दोन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवून जगली.

मी हात काढला नसता हो. मॅच नको, मैदान नको, काठीही नको होती. नुसतं "कुंदा, इथे ये" म्हणाला असतात तरी मी आले असते. हे तुम्हाला कळायला हवं होतं. मी सांगायला हवं होतं, तुम्ही विचारायला हवं होतं. आता या वाक्यांचा काही उपयोग नाही, पण मनात ठेवली तर कुजतील, म्हणून इथे मांडली.

त्या रविवारी दिनकरभाऊजी आईंना बोरिवलीला न्यायला आले. ठरलंच होतं तसं. तिकडे मोठी जागा, नातवंडं, खाली देऊळ. मी आईंची लुगडी, जपमाळ, औषधाची बाटली भरून ठेवली. भाऊजी माझ्याशी फारसं बोलले नाहीत, मीही नाही. आई दारापर्यंत गेल्या, पायात चपला घातल्या. मी वाकून नमस्कार केला.

आणि त्या तिथेच थांबल्या. जिन्याकडे बघत राहिल्या. मग भिंतीला हात लावून हळूच खाली बसल्या आणि एकेक चप्पल काढली.

"आये, काय झालं? टॅक्सी उभी आहे खाली."

"मी हयच रवतलंय. तुझ्याकडे गणपतीक येयन."

"इथे कोण आहे तुला बघायला?"

"माका नको कोण बघूक. हिका कोण आसा?"

भाऊजींनी खूप समजावलं. शेवटी पिशवी दारात ठेवून उतरले. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, मी त्या दिवशी बोललो ते..." मी म्हटलं, "असू द्या भाऊजी. तुमचाही दादा होता." टॅक्सी गेल्याचा आवाज आला. आई पलंगावर जाऊन बसल्या, पदराने तोंड पुसलं.

"चाय ठेव गे."

मी स्वयंपाकघरात गेले. पाणी ठेवलं, फळीवरचे कप काढले. इतके दिवस रोज माझ्याकडून तीन निघत होते, आणि रोज मी एक परत ठेवत होते. त्या दिवशी हात दोनच कप घेऊन खाली आला. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं, ठरवलं नव्हतं, आणि हाताने तुमच्याशिवाय हिशोब करून टाकला होता. पाणी उकळायला लागलं तरी मी ओट्याला धरून उभीच होते.

बाहेरून आईंनी विचारलं, "साखर संपली काय गे?"

"नाही," मी म्हटलं. "आहे."